एका डॉलरची ख्रिसमस रेकॉर्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या एका रेकॉर्डबद्दल मी एवढं बोललेय की आता घरचे, मैत्रिणी, नवऱ्याच्या ऑफिसमधले लोक, सगळे तेच तेच प्रश्न विचारतात. म्हणून एकदाच लिहून टाकतेय. पुढच्या वेळी आत्याचा फोन आला की सरळ हेच पाठवणार.

ही नक्की कसली रेकॉर्ड आहे?

नाव ‘ख्रिसमस ऑन द पाँडेरोसा’. साल १९६३, कंपनी आरसीए व्हिक्टर, १२ इंची एलपी. ‘बोनान्झा’ नावाच्या अमेरिकन टीव्ही सिरीयलमधल्या चार नटांनी केलेली. पण गंमत अशी की ते स्वतः म्हणून गात नाहीत, त्यांच्या पात्रांच्या नावाने गातात. म्हणजे समजा आपल्याकडच्या एखाद्या गाजलेल्या सिरीयलमधल्या कुटुंबाने त्याच वाड्यात, त्याच नावांनी दिवाळी पहाट केली, मध्ये मध्ये गप्पा, सासऱ्यांनी एक गोष्ट सांगितली, धाकट्याने एक टवाळ गाणं म्हटलं, शेजारीपाजारी आले आणि त्याची कॅसेट निघाली, तर कसं, तसं हे. फक्त वाड्याच्या जागी रँच आणि फराळाच्या जागी ख्रिसमस ट्री.

तुला कुठे सापडली?

न्यू जर्सीत, आमच्या घराजवळच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात, जिथे लोक घर रिकामं करताना खोकी आणून टाकतात. रेकॉर्डी नेहमी सगळ्यात खालच्या रॅकमध्ये, गुडघ्यावर बसून बघायच्या, आणि हर्ब अल्पर्ट या ट्रम्पेटवाल्याची ती कव्हरवर क्रीम फासलेल्या बाईची एलपी प्रत्येक दुकानात किमान एक असतेच असते, ती बाजूला केल्याशिवाय पुढचं काही दिसत नाही. तिच्या मागे ही होती. एक डॉलर.

खरं तर ही दुसरी. पहिली मी वर्षभर आधी दुसऱ्या एका दुकानात घेतली होती, घरी येऊन बघते तर कव्हर बरोबर आणि आत पोल्का नाचाची कुठलीतरी भलतीच रेकॉर्ड! तेव्हापासून काउंटरवर जायच्या आधी तबकडी बाहेर काढून लेबल वाचते. तुम्हीही वाचा.

बोनान्झा म्हणजे काय? आम्ही नाही बघितलेलं.

मीही नव्हतं बघितलं, रेकॉर्डीनंतर बघितलं. १८६० च्या दशकातली गोष्ट, नेवाडातल्या टाहो तलावाशेजारी पाँडेरोसा नावाची प्रचंड जमीन (पाँडेरोसा हे तिकडच्या एका पाइन झाडाचं नाव), तिचा मालक बेन कार्टराइट आणि त्याचे तीन मुलगे, अ‍ॅडम, हॉस आणि लिटल जो. बेनची तीन लग्नं झाली, तिन्ही बायका वारल्या, प्रत्येकीचा एकेक मुलगा. सुरुवातीला जमिनीचा नकाशा जळतो आणि त्या आगीतून चौघं घोड्यावरून येतात. १९५९ ते १९७३, तब्बल १४ सीझन, आणि साठच्या दशकात मधली सलग तीन वर्षं ती अमेरिकेतली एक नंबरची सिरीयल होती. रविवारी रात्री ९ वाजता. रामायणाच्या रविवारसारखं असावं, फक्त सकाळऐवजी रात्री.

पण नटांना गायला लावायचं खूळ कुणाचं?

इथे खरी मजा आहे, त्यामुळे जरा लांबण लावते. बोनान्झा दाखवणारं चॅनल एनबीसी. एनबीसी कुणाचं, तर आरसीए कंपनीचं. आरसीए आणखी काय करायची, तर रंगीत टीव्ही सेट विकायची! लोकांनी महागडा रंगीत सेट का घ्यावा, तर त्यावर बघण्यासारखं रंगीत काहीतरी पाहिजे, म्हणून बोनान्झा पहिल्या भागापासून रंगीत काढली, निळा तलाव, हिरवी झाडं, कार्टराइटांचे ठरलेल्या रंगाचे कपडे. आणि रेकॉर्ड कंपनी आरसीए व्हिक्टर, तीही त्यांचीच. म्हणजे रविवारी रात्री त्यांच्या सेटवर त्यांच्या चॅनलवर जो माणूस दिसतो त्याचा आवाज सोमवारी त्यांच्याच रेकॉर्डवर विकायचा. घरचाच गहू, घरचीच गिरणी.

१९६२ मध्ये ‘पाँडेरोसा पार्टी टाइम’ नावाची एलपी काढून बघितली होती, मग १९६३ ला ख्रिसमसची. आपल्याकडे प्रत्येक प्रकाशकाला दिवाळी अंक काढावाच लागतो, तसं तिथे टीव्हीवर तोंड दिसणाऱ्या प्रत्येकाची ख्रिसमस रेकॉर्ड निघायची. गाता येतं का हा प्रश्न दुय्यम.

मग, गाता येतं का?

एकाला चांगलं, एकाला बरं, एकाला अजिबात नाही असं म्हणवत नाही पण तसंच, आणि एकजण गातच नाही, बोलतो.

चांगलं गातो तो पर्नेल रॉबर्ट्स, म्हणजे थोरला अ‍ॅडम. मुळात रंगभूमीवरचा माणूस, तालीम असलेला आवाज, त्याच वर्षी त्याची लोकगीतांची स्वतंत्र एलपीही आली. यात त्याचं ‘द न्यू बॉर्न किंग’ आहे, तेवढं एक गाणं कुठेही लावा, कुणी हसणार नाही. पण याला सिरीयलच पसंत नव्हती, तिचं लिखाण पोरकट वाटायचं, ते तो उघड बोलायचा आणि १९६५ मध्ये सोडून गेला. हे माहीत असलं की ऐकताना वेगळंच वाटतं, सगळे घरचे शेकोटीभोवती हसतायत आणि थोरल्याचं मन आधीच बाहेर लागलंय.

मायकल लँडन, धाकटा जो, ‘सँटा गॉट लॉस्ट इन टेक्सस’ म्हणतो. सँटा टेक्ससमध्ये हरवतो, बास. आवाज पातळ आहे पण उत्साह एवढा की माझ्या मुलाला सगळ्या रेकॉर्डीतलं तेवढंच पाठ आहे, आणि तो ते जूनमध्येही म्हणतो. डॅन ब्लॉकर, म्हणजे धिप्पाड हॉस, तो खराच टेक्ससचा. त्याच्याबद्दल एवढंच म्हणेन की घरात एक असा काका असतोच जो आरतीत सगळ्यात मोठ्याने म्हणतो आणि सगळ्यात बेसूर, आणि तो नसला तर आरती झाल्यासारखी वाटत नाही.

आणि तो बोलणारा?

लोर्न ग्रीन. बेन कार्टराइट. माझ्यासाठी अख्खी रेकॉर्ड याच्यासाठी आहे.

हा अमेरिकन नाही, कॅनडाचा, १९१५ चा ऑटावातला जन्म. दुसऱ्या महायुद्धात सीबीसीवर, म्हणजे कॅनडाच्या सरकारी रेडिओवर, बातम्या वाचायचा. रोज मेलेल्यांचे, बुडालेल्या बोटींचे आकडे त्या खर्जातल्या आवाजात वाचायचा म्हणून लोक त्याला ‘व्हॉइस ऑफ डूम’ म्हणायला लागले, म्हणजे काळाचा आवाजच म्हणा ना. पुढे त्याने टोरांटोत रेडिओवर बोलायला शिकवणारी शाळा काढली. निवेदकाला आपली किती मिनिटं उरली ते कळावं म्हणून उलटं धावणारं स्टॉपवॉच बनवलं आणि तेच दाखवायला न्यूयॉर्कला गेला असताना त्याला टीव्हीत काम मिळालं. असा हा वाकड्या वाटेने आलेला माणूस.

तर या रेकॉर्डीत तो ‘व्हाय वी लाइट कँडल्स ऑन द ख्रिसमस ट्री’ ही गोष्ट सांगतो. ज्या आवाजाला घरोघरी लोक घाबरायचे तोच आवाज, वीसेक वर्षांनी, झाडावर मेणबत्त्या का लावतात ते पोरांना समजावतोय. घाई नाही. शब्दाशब्दात जागा सोडून. आमच्या बाबांनी फोनवर ऐकलं, त्यांना इंग्रजी जेमतेम कळतं, तरी ते म्हणाले अगं हा माणूस आकाशवाणीचा वाटतो. बाबा, अगदी बरोबर!

गंमत म्हणजे याच बोलण्यावर तो १९६४ च्या डिसेंबरात बिलबोर्ड मासिकाच्या गाजलेल्या गाण्यांच्या यादीत एक नंबरला गेला. ‘रिंगो’ नावाचं बंदूकवाल्याचं कथन, गाणं नाहीच, नुसता आवाज आणि मागे कोरस. बीटल्सचं वेड तेव्हा टोकाला होतं, त्यांच्या ड्रमरचं, रिंगो स्टारचं, नाव तेच, त्याचाही फायदा झालाच असणार.

मागचा कोरस एवढा चांगला कसा काय?

कारण तो केन डार्बीचा आहे. हे मला कळलं तेव्हा मी रात्री ११ वाजता नवऱ्याला उठवलं होतं. बिंग क्रॉस्बीचं ‘व्हाइट ख्रिसमस’ माहितीये ना, मॉलमध्ये वाजतं ते, त्याच्या १९४२ च्या रेकॉर्डिंगमध्ये मागे गाणारी मंडळी म्हणजे केन डार्बी सिंगर्स. तोच डार्बी एकवीस वर्षांनी चार काउबॉयना सांभाळून घ्यायला उभा आहे. मध्यंतरी त्याने सिनेमाच्या संगीतासाठी दोन ऑस्करही घेतली होती, आणि एल्विसच्या ‘लव्ह मी टेंडर’चे शब्दही त्याचेच, नाव बायकोचं लावलं होतं.

नीट ऐकलं की डार्बीची हुशारी कळते. कुणाचा सूर डगमगायला लागला की बरोबर तिथे कोरस वर येतो. कीर्तनात बुवांचा दम लागला की टाळकरी उचलतात, तसं. ‘हार्क द हेरल्ड’ आणि ‘ओ कम ऑल यी फेथफुल’ ही मोठी भक्तिगीतं तर त्याने सरळ कोरसकडेच ठेवलीत, नटांच्या वाट्याला गोष्टी आणि टवाळक्या.

अजून एक धागा. बोनान्झाची ती टणटण टणटण धून बनवणारे दोघं म्हणजे जे लिव्हिंग्स्टन आणि रे इव्हान्स, ‘सिल्व्हर बेल्स’ हे ख्रिसमसचं गाणं त्यांचंच. बोनान्झाच्या धुनेला शब्दही होते, पहिल्या भागासाठी चौघांनी गाऊन शूट केलं होतं, पण ते दाखवलंच नाही. देवाने वाचवलं.

बाबा विचारतात, लेबलवर एचएमव्हीचा कुत्रा कसा?

तोच कुत्रा! निपर त्याचं नाव. फ्रान्सिस बॅरोने काढलेलं चित्र, कुत्रा भोंग्यासमोर बसून मालकाचा आवाज ऐकतोय. इंग्लंडमधली ग्रामोफोन कंपनी आणि अमेरिकेतली व्हिक्टर कंपनी, दोघींकडे त्याचे हक्क आपापल्या मुलखापुरते होते. आपल्याकडे कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यातून भीमसेनजींच्या, माणिक वर्मांच्या तबकड्यांवर बसून आला तोच कुत्रा इकडे व्हिक्टरच्या लेबलवर. १९२९ मध्ये आरसीएने व्हिक्टर विकत घेतली तेव्हा कुत्राही तिकडे गेला. ही एलपी घेतली त्यात या कुत्र्याचा हात आहे हे मी कबूल करते. परक्या दुकानात खालच्या रॅकमध्ये ओळखीचं कुणीतरी भेटलं.

पण ते लोक तर ज्यू होते ना?

दोघे. लोर्न ग्रीन रशियातून आलेल्या ज्यू आईबापांचा मुलगा. मायकल लँडनचं खरं नाव युजीन ओरोविट्झ, वडील ज्यू, आई कॅथलिक. मग ख्रिसमसची रेकॉर्ड कशी? अहो ‘व्हाइट ख्रिसमस’ लिहिणारा अर्विंग बर्लिनही ज्यू आणि वरचे ते ‘सिल्व्हर बेल्स’वाले दोघंही ज्यू. आणि नात्यांचं म्हणाल तर ‘बाप’ लोर्न ग्रीन आणि ‘थोरला मुलगा’ पर्नेल रॉबर्ट्स यांच्यात फक्त १३ वर्षांचं अंतर होतं. म्हणजे बाप बाप नाही, मुलं मुलं नाहीत, रँच स्टुडिओतली, झाड बहुतेक प्लॅस्टिकचं, आणि सण निम्म्यांचा नाही. तरी ऐकताना एकदाही खोटं वाटत नाही. मी दरवर्षी कान देऊन शोधते की नक्की कुठे जमलंय हे, आणि दरवर्षी माझं उत्तर तेच, ग्रीन गोष्ट सांगताना मध्ये थांबतो त्या जागा. तिथे बाकीचे खरंच ऐकतायत असं वाटतं.

१८६० च्या काळात ही गाणी होती का? की सगळं ठोकून दिलंय?

हा प्रश्न माझ्या दिराचा, त्याला ऐतिहासिक सिनेमात मनगटी घड्याळ शोधायची सवय आहे. तर बसतं जवळजवळ सगळं. ‘जिंगल बेल्स’ १८५७ चं. ‘ओ कम ऑल यी फेथफुल’चे इंग्रजी शब्द १८४१ चे. ‘हार्क द हेरल्ड’ला मेंडेल्सोनची चाल १८५५ मध्ये लागली. ‘डेक द हॉल्स’ची चाल जुनी वेल्श पण इंग्रजी शब्द लंडनमध्ये १८६२ ला छापले गेले, आता ते नेवाडाच्या डोंगरात कार्टराइटांपर्यंत लगेच कसे पोचले ते त्यांनाच ठाऊक. सँटाचं म्हणाल तर थॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने त्याला हार्पर्स वीकली या साप्ताहिकात पहिल्यांदा काढला १८६३ च्या जानेवारीत. तेव्हा टेक्ससमध्ये हरवायला तो नुकताच मोकळा झाला होता. दीर अजून शोधतोय.

एवढी गाजलेली सिरीयल, मग रेकॉर्ड कुणाला आठवत कशी नाही?

एक तर १९६३ चा डिसेंबर. २२ नोव्हेंबरला केनेडींचा खून झाला, त्याच दिवशी फिल स्पेक्टर या रेकॉर्ड निर्मात्याचा ख्रिसमस अल्बम दुकानात आला होता आणि त्या सुतकात बुडाला, आज तो क्लासिक मानतात. त्याच वर्षी अँडी विल्यम्सचाही आला. तोही एनबीसीवरचाच टीव्हीवाला, पण मुळात गायक, त्याचं ‘मोस्ट वंडरफुल टाइम’ अजून दर डिसेंबरला वाजतं. म्हणजे फक्त साल वाईट होतं असं नाही.

माझं मत विचाराल तर ही रेडिओवर लावायची रेकॉर्डच नाही. गप्पा, गोष्टी, एकातून दुसरं निघतं, मधूनच एक गाणं उचलून लावलं तर अधांतरी वाटतं. आणि पात्रांवर प्रेम असलेले प्रेक्षक म्हातारे झाले, सिरीयल गेली, मग उरलं काय? नव्या माणसाला हॉस कोण आणि ते धुराड्यात अडकण्याचं गाणं कशासाठी, काही कळत नाही. सिरीयलच्या जिवावर जगलेली रेकॉर्ड सिरीयलबरोबरच खालच्या रॅकमध्ये गेली.

अशा अजून आहेत का?

ढिगाने. आर्ट कार्नी, ‘हनीमूनर्स’ या जुन्या विनोदी सिरीयलमधला तो गटारवाला नॉर्टन, त्याने १९५४ मध्ये ‘नाइट बिफोर ख्रिसमस’ ही कविता नुसत्या ड्रमच्या ठेक्यावर म्हटलीये, अगदी आत्ताचं रॅप वाटतं, ती मिळाली तर सोडू नका. त्याच सिरीयलच्या हिरोची, जॅकी ग्लीसनची, १९५६ ची आहे, त्याला नोटेशन वाचता यायचं नाही तरी ऑर्केस्ट्राच्या अल्बमांवर नाव त्याचंच. लोर्न ग्रीनची एकट्याची १९६५ ची ‘हॅव अ हॅपी हॉलिडे’ पण मला नाही आवडली. शेजारी नाहीत, पोरं नाहीत, एकटाच बोलतोय.

विकली तर किती येतील?

चहा-वडापाव. मी नेहमी चार-पाच डॉलरच्या आतच बघितलीये, सीलबंद असेल तर जरा जास्त. मोनोवर एलपीएम-२७५७ असं लिहिलेलं असतं आणि स्टिरिओवर एलएसपी-२७५७. माझी मोनो आहे आणि मला तीच बरी वाटते, सगळे एकाच खोलीत बसल्यासारखे येतात.

एमपी३ करून पाठवतेस का?

नाही. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे या काळातल्या रेकॉर्डिंगचे हक्क १५ फेब्रुवारी २०६७ पर्यंत शाबूत आहेत, तोवर आपण कुणी असू असं वाटत नाही. सीडीच हवी असेल तर बेअर फॅमिली नावाच्या जर्मन कंपनीने बोनान्झाच्या सगळ्या रेकॉर्डी एका सेटमध्ये काढल्या होत्या, जुन्या मालात शोधा. नाहीतर घरी या, चहा टाकते.

आजोबांच्या चावीच्या ग्रामोफोनवर लावली तर चालेल?

बाई गं, नको! तो ७८ च्या वेगाचा, लाखेच्या तबकड्यांसाठी, जड डोकं आणि लोखंडी टाचणी. एलपीच्या खोबणी बारीक, विनाईल मऊ. एकदाच वाजेल आणि तेही सगळे कार्टराइट खारीसारखे बोलतील, नंतर कायमची खरवडून निघेल. एलपीला ३३⅓ चा वेग आणि बारीक सुई हवी.

मग तुझा इकडचा टर्नटेबल पुण्याला पाठव ना.

दादा, हे तू तिसऱ्यांदा विचारतोयस. इकडची वीज १२० व्होल्ट, तिकडे २३०, त्याला ट्रान्सफॉर्मर मिळेल, पण खरा घोळ वेगळाच आहे. जुन्या टर्नटेबलची मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीवर फिरते, इकडे ६० हर्ट्झ, तिकडे ५०, आणि ट्रान्सफॉर्मरने हर्ट्झ बदलत नाहीत. ३३⅓ च्या जागी तबकडी २७.८ ने फिरेल. काळी पाचमधलं गाणं पांढरी पाचमध्ये उतरेल. लोर्न ग्रीनचा आवाज आधीच खर्जात, त्यात अजून खाली गेला तर आई देवघरातून उठून येईल. काही मशीनना ५० हर्ट्झची वेगळी पुली मिळते, काही नव्यांना डीसी मोटर असते, तसलं तिकडेच घे.

रेकॉर्ड तरी आणशील का यंदा?

आणते. पण हातातल्या बॅगेत, दोन पुठ्ठ्यांमध्ये, आणि तिकडे आल्यावर कपाटात उभी ठेवायची, आडवी नाही, वर काही रचायचं नाही, पावसाळ्याआधी परत द्यायची कारण बुरशीने कव्हर जातं. आणि ‘जिंगल बेल्स’ला एका जागी सुई उडी मारते ती माझ्याकडूनच आहे, तुझी नाही, मुलाने जॅमच्या हाताने धरली होती. धुतली, तरी राहिलंय थोडं.